वजनाचं ऑपरेशन, डिप्रेशन आणि एका दाखल्याची गोष्ट

जळगाव-धुळ्याचा पेशंट वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबई, पुणे, नाशिक नाहीतर इंदूर गाठतो. नंदुरबार-शहाद्याकडच्यांना सुरत जवळ पडतं. गाव कुठलंही असो, सोनोग्राफी, एंडोस्कोपी आणि रक्ताच्या रिपोर्टांबरोबर फाइलमध्ये आणखी एक कागद लागतो, मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला. घरात चर्चा होते ती नेमकी याच कागदाची. ‘वजन उतरवायला चाललो, डोक्याच्या डॉक्टरचं काय काम?’ हा प्रश्न पेशंटच्या आधी सासरा किंवा मोठा भाऊ विचारतो.

ऑपरेशनचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. १९५४ मध्ये अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वाट जोडून द्यायची पद्धत निघाली. वजन उतरायचं, पण जुलाब, मूतखडे आणि लिव्हर निकामी होणं पाठीस लागायचं, म्हणून ती मागे पडली. साठच्या दशकात गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन आलं, नव्वदच्या दशकात ते दुर्बिणीतून होऊ लागलं. आज आपल्याकडे ऐकू येणारी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढणं, ही मुळात एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होती. तेवढ्यानेच अनेकांचं काम भागतं हे दिसल्यावर ती स्वतंत्रपणे होऊ लागली.

दाखल्याचं मूळ १९९१ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ परिषदेने बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार, अशी मर्यादा आखली. पेशंटची निवड करणाऱ्या गटात सर्जन, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचाराची जाण असलेलं माणूसही हवं, असं तिने म्हटलं. हेतू सल्ल्याचा होता. तिकडच्या अनेक विमा कंपन्यांनी त्याची अट केली, अट झाली की फॉर्म येतो, आणि फॉर्म आला की ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढंच उरतं.

खरा वाद इथून पुढचा. डिप्रेशन असलेल्याचं ऑपरेशन करायचं की थांबवायचं? तीव्र आणि उपचार न घेतलेलं डिप्रेशन, आत्महत्येचे विचार, मनोविकृतीचा झटका किंवा चालू असलेलं व्यसन, यात थांबायचं याबद्दल फारसं दुमत नाही. मधल्या पेशंटांचं काय? औषध चालू आहे, कामावर जातो, रात्री मात्र झोप लागत नाही आणि जेवण झाल्यावरही फरसाणाचा डबा उघडतो. अशांना सहा महिने थांबवणं म्हणजे त्यांच्या शुगरला आणि गुडघ्यांनाही सहा महिने थांबवणं. शिवाय वजन आणि डिप्रेशन दोन्हीकडून एकमेकांना ओढतात. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब सांगतो की लठ्ठपणामुळे पुढे डिप्रेशन येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी वाढते, आणि डिप्रेशनमुळे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. त्यात डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनीच वजन वाढतं. मग आधी काय बरं करायचं?

२०१६ मध्ये अशाच आणखी एका एकत्रित अभ्यासाने दाखल्याचा पायाच हलवला. ऑपरेशनला येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना डिप्रेशन आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार आढळला. पण आधीच्या डिप्रेशनवरून पुढे वजन किती उतरेल याचा ठाम अंदाज बांधता येत नव्हता. उलट, ऑपरेशननंतर बहुतेक अभ्यासांत डिप्रेशन कमीच झालेलं दिसलं. म्हणजे ज्या कारणावरून दार अडवायचं ते कारणच लंगडं. दुसरीकडे, दाखला आपल्या हातात पडायचा असेल तर समोरच्या डॉक्टरला खरं कोण सांगणार? ‘झोप येते का? येते. रडू येतं का? नाही.’ दहा मिनिटांत सही. पेशंटला यात दोष देण्यात अर्थ नाही. ज्या तपासणीत खरं बोलल्यावर नंबर जातो, तिथे माणूस खोटंच बोलतो.

दाखला निरुपयोगी आहे असं यावरून कुणी म्हणू नये. तो चुकीच्या वेळी मागितला जातो, एवढं मात्र आकडे सांगतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशन झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी दिसले, पण अपघात, आत्महत्या अशा, आजाराशी संबंध नसलेल्या कारणांचे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. पुढे कॅनडात ८,८१५ जणांचा ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा तीन-तीन वर्षांचा काळ ताडून पाहिला. स्वतःला इजा केल्यामुळे दवाखान्यात आणावं लागण्याचं प्रमाण नंतरच्या काळात सुमारे दीडपट झालं होतं, आणि त्यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या. पहिलं वर्ष कौतुकाचं जातं. नंतर काटा थांबतो, कातडी लोंबते, फोटो मागणारे मागणं सोडतात आणि जुना प्रश्न जिथल्या तिथे असतो. दाखला तोवर फाइलमध्ये दोन वर्षांचा झालेला असतो.

खानदेशात हा काळ आणखी अवघड होतो. ऑपरेशन दुर्बिणीचं असल्याने पोटावर चार-पाच बारीक खुणाच राहतात, त्यामुळे ‘पित्ताचे खडे काढले’ असं सांगून वेळ मारून नेता येते. लग्नाळू पोरगी असेल तर हमखास हेच सांगितलं जातं. (वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे खरोखरच होतात, तेव्हा दुसऱ्या वेळी काय सांगायचं, ही अडचण उरतेच.) गावात झपाट्याने बारीक होणं ही काही शाबासकीची गोष्ट नाही. ‘कितली वाळी गयी वो माय, काय व्हयनं तुले?’ असं बाया विचारतात तेव्हा त्यांच्या मनात शुगर, टीबी नाहीतर सासरचा जाच असतो. खरं कारण सांगायचं नसलं की माणूस कार्यक्रमाला जाणंच टाळतो.

कार्यक्रम म्हणजे जेवण. हिवाळ्यात मळ्यातली भरीत पार्टी, कळण्याची भाकरी, वर तेलाचा तवंग. स्लीव्हवाल्याचं पोट चार घासांत भरतं आणि पाचवा घशाशी येतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पुरणपोळीबरोबर वाटीभर आमरस प्यायला तर बायपासवाल्याला अर्ध्या तासात घाम, धडधड आणि चक्कर येते. श्रावणात कानबाई देवीचा रोट, म्हणजे प्रसाद, भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा असतो. ताटातला तुकडा बाजूला सारणाऱ्या सुनेकडे कोण कसं पाहतं, ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. वर्षानुवर्षं दुःख आणि कंटाळा ज्या खाण्यावर उतरवला तेच बंद झालं की माणूस दुसरं काही शोधतो. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दारूच्या व्यसनाचं प्रमाण ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेलं दिसलं. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, हेही त्यामागे आहे.

काही गोष्टींचा मनाच्या कमकुवतपणाशी संबंधच नसतो. बायपासनंतर डिप्रेशनच्या काही गोळ्या पूर्वीइतक्या रक्तात उतरत नाहीत, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या. डोस तोच आणि पेशंट खाली, असं होतं. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमचं उलट, ते रक्तात वाढून विषारी ठरू शकतं. बी-१२ कमी पडलं तर थकवा, विसराळूपणा आणि उदासी येते. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. म्हणून रक्ताची तपासणी आणि गोळ्यांचा फेरविचार एकाच बैठकीत व्हायला हवा. पण सर्जन सुरतेत आणि मानसोपचारतज्ज्ञ धुळ्यात, अशा स्थितीत ती बैठक होत नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, तापीच्या खोऱ्यात त्यांतलं एकही नाही.

विम्याच्या बाजूने २०१९ मध्ये हालचाल झाली. आपल्याकडच्या विमा नियामकाने लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी ठरवलेल्या अटी अशा: वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ असेल तर सोबत चारपैकी एक आजार. लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास आणि आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, हे ते चार. डिप्रेशन या यादीत नाही. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराइतकंच स्थान द्यावं, असा २०१७ चा कायदा असताना ते नाही. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी बीएमआयची मर्यादा ३५ वर आणली आणि आशियाई लोकांना २७.५ पासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं सुचवलं, तरी विम्याची पट्टी जुनीच.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा काळ आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची ही औषधं २०२५ मध्ये भारतात एकामागून एक आली. त्यांनी आत्महत्येचे विचार येतात का, याची तपासणी युरोपातल्या औषध नियामकांनी केली आणि २०२४ मध्ये तसा संबंध दिसत नाही असं सांगितलं. ऑपरेशनच्या चौथ्या-पाचव्या वर्षी वजन परत चढलेले अनेक जण आता या इंजेक्शनकडे वळतात. बऱ्याचदा त्यासाठी ते ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे न जाता गावातल्या फिजिशियनकडेच जातात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर डिप्रेशनच्या गोळीचं नाव असतं की नाही हे कुणी विचारत नाही. मन खचलं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि त्यासाठी सुरतेची गाडी पकडावी लागत नाही.