डोंगरउताराची जमीन : नाशिकमधील शेती आणि वनजमिनीवरील निर्बंधांची पार्श्वभूमी

इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील डोंगरकडेच्या एखाद्या गटाचा सातबारा उतारा हातात घेतला, तर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीस अयोग्य भागाचा, आकडा दिसतो आणि उताराच्या जमिनीत तो बऱ्याचदा चांगलाच मोठा असतो. आकारणी नाममात्र असते. ब्रिटिशकालीन मोजणीत वरकस म्हणून खालच्या प्रतीची ठरलेली जमीन ती हीच. पावसाळ्यात नागली, वरई, खुरासणी घ्यायची, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा तिथूनच गोळा करायचा, आवणी म्हणजे भातलावणी उरकली की गुरे तिकडे सोडायची, असा तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज त्याच उतारावरून धरणाचे पाणी दिसते, एवढ्याच कारणाने तिथे बंगल्यांच्या वसाहती आखल्या जातात आणि खालच्या भातखाचराला कधी मिळाला नाही तो भाव वरकसाला मिळू लागतो.

अशा जमिनीवर मोठी बांधकामे होऊ नयेत, यासाठी कायदे मुबलक आहेत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नाशिक जिल्ह्यात लागू असलेले बहुतेक निर्बंध वेगवेगळ्या काळी आणि अगदी वेगळ्या हेतूंनी आले. कोणी सरकारी लाकूड राखण्यासाठी आणला, कोणी कुळाला संरक्षण देण्यासाठी, तर कोणी शेतसारा बुडू नये म्हणून. एका खोऱ्यात एकूण किती बांधकाम सोसेल, हा प्रश्न त्यांपैकी बहुतेकांच्या पुढे नव्हताच. आजच्या गोंधळाचे मूळ मला तिथे दिसते.

जंगलाचा इतिहास आधी पाहू. पहिला वन कायदा १८६५ चा, आणि कसारा घाट चढून लोहमार्ग इगतपुरीला जोडला गेला तेही वर्ष १८६५ च. रुळांखालचे स्लीपर, जळण आणि इमारती लाकूड यांची गरज वाढली, तशी १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची विभागणी झाली आणि पेठपासून इगतपुरीपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर कुटुंबे कसत असलेल्या कितीतरी जमिनी कागदावर सरकारी वन ठरल्या. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हीच चौकट पक्की केली. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनेही शासनाकडे घेतली. खऱ्या अर्थाने मोठ्या प्रकल्पांना अडसर घातला तो २५ ऑक्टोबर १९८० च्या वन (संवर्धन) कायद्याने, कारण त्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर केंद्र शासनाची पूर्वमान्यता अनिवार्य झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थच ग्राह्य धरला आणि मालकी कोणाचीही असो, जंगल असलेल्या जमिनीला हा कायदा लागू केला.

या सगळ्याचा भार मात्र सारखा पडला नाही. मोठ्या प्रकल्पाला प्रस्ताव पाठवून, पर्यायी वनीकरणासाठी जमीन आणि पैसे देऊन वाट काढता येते. अर्ध्या एकरावर नागली पिकवणाऱ्या कुटुंबाला ती वाट नव्हती. ते अतिक्रमणदारच राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची जमीन त्यांच्या नावे करण्याची तरतूद केली, पण दावे वर्षानुवर्षे पडून राहिले. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा पायी मोर्चा १२ मार्चला मुंबईत पोहोचला, तेव्हा वनजमिनीचे हक्क ही त्याच्या मुख्य मागण्यांपैकी एक होती. वनजमिनीवरील निर्बंधांची चर्चा करताना ही बाजू सोडली, तर ती चर्चा अपुरी आहे, असे मी मानतो.

शेतजमिनीची कथा निराळी आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा जमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून आला. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकण्यास बंदी घातली, आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक ठरली. १९६१ च्या कमाल धारणा कायद्याने एका कुटुंबाकडील जमिनीला मर्यादा घातली, जी नंतरच्या दुरुस्तीने बारमाही ओलिताच्या जमिनीसाठी १८ एकर आणि कोरडवाहूसाठी ५४ एकर अशी ठरली. १९६६ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे झाले : जमीन महसूल संहिता, जिच्या कलम ४२ आणि ४४ मुळे बिगरशेती वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू लागली, आणि प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, ज्याने प्रादेशिक योजनेची संकल्पना दिली. १९७४ मध्ये संहितेत कलम ३६-अ आले आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधन बसले. माझ्या मते पश्चिम नाशिकच्या डोंगरपट्ट्याला आजवर सर्वांत जास्त कोणी वाचवले असेल, तर ते या एका कलमाने. त्याचा हेतू पर्यावरणाचा नव्हता, परिणाम मात्र तोही झाला.

संहितेचे कलम ४१ जवळून पाहण्यासारखे आहे, कारण निर्बंध कसा विरघळतो ते त्यात स्पष्ट दिसते. शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधायला परवानगी लागू नये, हा त्याचा साधा आणि रास्त उद्देश. जिथे मर्यादा लागू आहेत तिथे ०.४ हेक्टरपेक्षा अधिक जमिनीवर १५० चौरस मीटरपर्यंत जोत्याचे शेतघर चालते, आणि ०.६ हेक्टरच्या पुढे क्षेत्राच्या चाळिसाव्या हिश्शाइतके, कमाल ४०० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ०.४ हेक्टरच्या जेमतेम वर. डोंगराचा एखादा पन्नास एकरांचा पट्टा घेऊन त्याचे एकराएकराचे फार्महाऊस प्लॉट पाडले आणि शेतकरी दाखला असलेल्यांना विकले, तर पन्नास घरे, पन्नास कूपनलिका, तेवढीच कुंपणे आणि मधले रस्ते उभे राहतात. कागदावर मात्र तिथे एकही मोठा प्रकल्प नसतो. तलाठ्याच्या दप्तरात दिसतात ते पन्नास फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी.

१९९० नंतरचा प्रवास शिथिलतेचा आहे. १९९४ मध्ये खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी शेतकरी नसलेल्यांनाही काही अटींवर शेतजमीन घेण्याची मुभा मिळाली. २००५ च्या कायद्यानंतर सिन्नर तालुक्यात मुसळगाव आणि गुळवंच परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्या उद्योगांचे आश्वासन होते ते तितके आलेच नाहीत. जमीन मात्र पेरणीत परत आली नाही. २०१४ पासून संहितेत कलम ४२-अ व त्यापुढची कलमे घालून विकास योजनेच्या क्षेत्रात आणि गावठाणालगत २०० मीटरपर्यंत बिगरशेती परवानगीची प्रक्रिया सोपी करण्यात आली. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेला. २०१७ मध्ये शिवडे गावाने मोजणीला केलेला विरोध अनेकांच्या लक्षात असेल.

इगतपुरीचे तर विशेषच आहे. दारणा धरण १९१६ चे, आणि त्यानंतर मुकणे, भावली, वैतरणा असे एकेक करत या तालुक्याने इतरांच्या पाण्यासाठी आपल्या जमिनी दिल्या. रेल्वे, महामार्ग आणि धरणे यांतून उरलेल्या उतारावरच आता बंगले येत आहेत. पाण्याच्या दृष्टीने हे उतार मामुली नाहीत. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या येवला, नांदगावला त्याचा जेमतेम सहावा हिस्सा, म्हणून पूर्वेचे कालवे पश्चिमेच्या डोंगरांवर जगतात. गोदावरीचा उगम असलेल्या ब्रह्मगिरीच्या परिसरात २०२१ मध्ये डोंगर फोडण्याचे काम उघडकीस आले, तेव्हा नाशिककरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला तो याच जाणिवेने. डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत १:५ (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. पण यंत्राने उतार आधीच सपाट केला, तर मोजणीला उतार उरत नाही.

संरक्षित क्षेत्रांचा मार्गही नाशिकने अवलंबला. २००८ मध्ये बोरगड हे राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरले, २०१७ मध्ये अंजनेरीलाही तो दर्जा मिळाला. मात्र संवर्धन राखीव शासनाच्या मालकीच्या जमिनीवरच होते, लागून असलेल्या खासगी गटांना त्याचे बंधन नाही.

मोठ्या बांधकामाचा आकार हिशेबात आला तो १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पूर्वमंजुरी आवश्यक झाली. पण ती मंजुरीची अट होती, मनाई नव्हे. मनाईचा विचार पश्चिम घाटाच्या निमित्ताने पुढे आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र बरेच कमी करून दुसरा दिला. केंद्राच्या १० मार्च २०१४ च्या मसुदा अधिसूचनेत सहा राज्यांतील सुमारे ५७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आले, त्यात महाराष्ट्राचे १७ हजारांहून अधिक, आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यातील गावेही. खाणी आणि दगडखाणींवर बंदी, २०,००० चौरस मीटरच्या पुढच्या नव्या बांधकामांना मनाई, आणि ५० हेक्टर वा अधिकच्या नव्या नगरवसाहतींनाही मनाई, असे त्याचे स्वरूप आहे.

हा मसुदा अंतिम झाला नाही. राज्यांनी गावे वगळण्याची मागणी केली, मुदती संपल्या, मसुदे पुन्हा पुन्हा निघाले. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा सहावा होता आणि त्यावर हरकतींसाठी पुन्हा ६० दिवस देण्यात आले. या काळात घोटी आणि त्र्यंबकच्या वाटेवरील परवानग्या पूर्वीसारख्याच गट नंबरनिहाय दिल्या जात राहिल्या, आणि वरकसावर नागलीच्या जागी फक्कीने आखलेले प्लॉट दिसू लागले.