थर्मोकपल की पीटी १००? भट्टीला एक, ड्रायरला दुसरा

वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ पट्ट्यातल्या काजूच्या छोट्या युनिटमध्ये तापमान दोन जागी मोजावं लागतं: टरफलं जाळणाऱ्या भट्टीच्या धुराड्यात, आणि काजूगर वाळवायच्या ड्रायरमध्ये. धुराडं तीन-चारशे अंशांच्या वर सहज जातं, ड्रायर सत्तरच्या आसपास ठेवायचा असतो. दुकानात दोन्हीसाठी दिसायला सारखीच स्टीलची नळी मिळते. आतला प्रकार मात्र वेगळा असतो: एकात थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, दुसऱ्यात पीटी १००, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर. आणि एकाचा आकडा वाचणारा सर्किट बोर्ड दुसऱ्याला चालत नाही.

थर्मोकपल एका जागेचं तापमान सांगतच नाही, तो दोन टोकांतला फरक सांगतो. के टाईप या नेहमीच्या थर्मोकपलमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या तारांच्या जोडातून दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. बोर्डवरची मॅक्स ६६७५ किंवा मॅक्स ३१८५५ ही चिप स्वतःचं तापमान त्यात मिळवून आकडा देते. म्हणून बोर्ड भट्टीच्या पत्र्यालगत लावू नये. टर्मिनल एका बाजूने तापतं, चिप मागे राहते आणि तेवढी चूक थेट आकड्यात येते.

वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तो जोड ५० अंशांवर आणि बोर्ड ३० वर असेल, तर भट्टी २० अंश कमी दिसणार. के टाईपचीच एक्स्टेन्शन वायर घ्या. रंगाने फसू नका: अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण, युरोपियन पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. शंका असेल तर चुंबक लावा, अल्युमेल म्हणजे ऋण तार त्याला किंचित ओढली जाते. उलटी जोडली, की भट्टी तापेल तसा आकडा उतरतो.

पीटी १०० मध्ये व्होल्टेज नाही, रोध आहे: शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५. म्हणजे अंशाला ०.३८५ ओहम, आणि इथे वायरचा रोधही मोजणीत शिरतो. ०.२२ चौरस मिलिमीटरची दोन तारांची ५ मीटर केबल जाऊन-येऊन ०.८ ओहमच्या आसपास भरते, म्हणजे दोन अंश फुकट जास्त. म्हणून तीन तारांचा प्रोब (सेन्सरची नळी) घ्यावा, तिसऱ्या तारेमुळे बोर्डला वायरचा रोध वजा करता येतो. मल्टीमीटरने तपासा: एकाच टोकाच्या दोन तारांत जेमतेम ओहमभर, तिसरीशी २८ अंशांच्या खोलीत १११ च्या जवळ. पीटी १०० वाचणाऱ्या मॅक्स ३१८६५ बोर्डवर तीन तारांसाठी जंपर सोल्डर करावे लागतात आणि बहुतेक बोर्डवर एक बारीक ट्रेस कापावी लागते. बोर्ड वाचणाऱ्या कोडमध्येही तीन तारा सांगाव्या लागतात. यातलं एक जरी राहिलं, तरी आकडा भलताच येतो. बोर्डवरच्या रेफरन्स रेझिस्टरवर (तुलनेसाठीच्या ठरावीक रोधावर) ४३०० छापलेलं असेल तर तो ४३० ओहमचा, पीटी १०० साठी योग्य. ४३०१ असेल तर ४३०० ओहमचा, तो पीटी १००० साठी, म्हणजे शून्य अंशाला १००० ओहमच्या सेन्सरसाठी.

मग निवड कशी करायची? ड्रायरला पीटी १००. बी वर्गाच्या (साध्या अचूकतेच्या) पीटी १०० ची चूक ७० अंशांवर ±०.६५, तर साध्या के टाईपची ±२.५, आणि तिथे चार-पाच अंश जास्त झाले की गर करपून ग्रेड उतरते. धुराड्याला के टाईप. स्वस्त पीटी १०० ची केबल दोन-अडीचशे अंशांपुढे टिकत नाही. पण के टाईपचाही कागदावरचा आकडा बघून फसू नका. मॅक्स ६६७५ चं १०२४ अंश हे चिपचं माप आहे. सोबत येणारा काचधाग्याचा प्रोब त्याच्या अर्ध्यालाही टिकेल असं धरू नका. धुराड्यात खनिज-भरणाचा (तारांभोवती खनिज पूड ठासलेला) स्टील किंवा इनकोनेल या निकेल मिश्रधातूच्या नळीचा प्रोबच घाला.

मॅक्स ६६७५ ला ३.० ते ५.५ व्होल्ट चालतात, ऋण टर्मिनल ग्राउंडला जोडलेलं हवं. मॅक्स ३१८५५ ला ३.३ व्होल्टच द्या, आणि तिथे ऋण तार ग्राउंडला लागली तर फॉल्ट येतो. नळीला टेकलेल्या जोडाचा प्रोब लोखंडी भट्टीत बसवला, की हाच फॉल्ट भेटतो. अलग जोडाचा प्रोब मागा. ६६७५ ला पाव सेकंदापेक्षा भराभर विचारलंत तर रूपांतर पूर्णच होत नाही, आकडा गोठलेला दिसतो. दोन्ही बोर्डच्या तारा हीटरच्या वायरीपासून दूर, पिळून न्या.

किनाऱ्यावरची खारी ओल मात्र दोघांना वेगळी छळते. पीटी १०० मध्ये टर्मिनलला गंज धरला, की रोध वाढून आकडा हळूहळू वर सरकतो. थर्मोकपलला थोडा गंज चालतो, पण काचधाग्याची वायर पावसाळ्यात ओल शोषते आणि तारांमधून गळती सुरू होते, मग सकाळी भट्टी पेटवायच्या आधीच आकडा डुलतो. खनिज-भरणाच्या नळीचं मागचं टोक उघडं राहिलं तर तिथेही पाणी शिरतं. टोक इपॉक्सीने बंद करा, जोड घट्ट क्रिंप करून ग्रीस लावा.

बसवण्याआधी उकळत्या पाण्यात दोन्ही प्रोब पेल्याच्या तळाला न टेकवता धरा. समुद्रसपाटीला १०० दिसायला हवेत. आंबोलीत हीच चाचणी केली तर साधारण ९७.७ येतील, ती प्रोबची चूक समजून ऑफसेट, म्हणजे दुरुस्तीचा आकडा, टाकू नका.