हाडं ब्लीचने पांढरी होतात, पण टिकत नाहीत

"कवटी किंवा हाडं कलाकृतीत वापरायचीत? आधी भरपूर उकळा, मग ब्लीचमध्ये बुडवा." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हाडं पांढरी होतात हे खरंच, म्हणून तो पटतोही.

पण हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा कोलॅजेन या प्रथिनाचा. पाया सूप गार झाल्यावर थिजतं ना? ते उकळून बाहेर आलेलं कोलॅजेनच. हाडात उरलेलं कोलॅजेन ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट खातं. मग पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो आणि कवटीच्या नाकातली पातळ हाडं आधी मोडतात.

पडताळून बघायला मटणवाल्याकडची एक नळी पुरे. तिचे दोन तुकडे करून घ्या. मांस काढून दोन्ही तुकडे भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात ठेवा, तवंग येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. पिवळेपणा बहुतेकदा चरबीचा असतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात वास मारते तीही हीच. मग एक तुकडा ब्लीचमध्ये, दुसरा केमिस्टकडच्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, झाकण सैल ठेवून. (हे दोन द्रव एकत्र करू नका, कधीच.) द्रव बदलत आठवडाभर थांबा, वाळवा, नखाने खरवडा.

प्रयोग बकऱ्याच्या हाडावरच करा. बोरिवलीच्या जंगलात हरणाची कवटी दिसली तरी उचलू नका. प्राणी आपोआप मेलेला असला तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती सरकारी मालमत्ता आहे.