बोटांच्या उबेने हललेली सुई

काही गॅस शेगड्यांच्या बर्नरला लागून, ज्योतीत टोक घातलेली एक बारीक दांडी असते. दुरुस्तीवाले तिला थर्मोकपल म्हणतात. दूध उतू जाऊन ज्योत विझली की दांडी निवते, तिच्यातून येणारा इवलासा वीजप्रवाह थांबतो आणि गॅसची झडप मिटते. या दांडीला ना सेल लागतो, ना प्लग.

तिचे मूळ १८२१ सालच्या बर्लिनमध्ये आहे. आदल्याच वर्षी कोपनहेगनला ओर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते हे दाखवले होते आणि युरोपभर तारा-सुयांचे प्रयोग सुरू झाले होते. थॉमस सीबेक यांनी तांब्याची पट्टी आणि बिस्मथ या धातूचा तुकडा दोन्ही टोकांना जोडून कडे केले, आत होकायंत्र ठेवले. बॅटरी नव्हतीच. तरी एक सांधा बोटांनी दाबला की सुई हलायची! ही करामत हाताच्या ओलाव्याची नसून उबेची आहे, हे त्यांनी हुडकून काढले. दोन सांध्यांच्या तापमानात फरक हवा, एवढीच अट. मग त्यांनी कितीतरी धातू, मिश्रधातू आणि खनिजे तपासून त्यांची क्रमवारी लावली.

अर्थ मात्र त्यांनी चुकीचा लावला. उष्णतेतून थेट चुंबकत्व निर्माण होते, असे ते धरून बसले. ही वीज आहे हे ओर्स्टेड यांनी ओळखले, पण सीबेक यांना ते पटले नाही. तरीही मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, कारण त्यांची निरीक्षणे खरी होती.

धातूचे एक टोक तापले की त्यातले इलेक्ट्रॉन तापलेल्या आणि थंड टोकांत सारखे वाटलेले राहत नाहीत, त्यामुळे टोकांमध्ये विद्युतदाब तयार होतो. तो प्रत्येक धातूत वेगळा. कड्यात दोन्हीकडे एकच धातू असेल तर फिटंफाट होते; धातू वेगळे असले तर थोडे शिल्लक उरते. तांबे आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत १०० अंशांच्या फरकाला सुमारे ४ मिलिव्होल्ट मिळतात. घड्याळातला पेन्सिल सेल याच्या साडेतीनशेपट दाब देतो.

पण ही वीज स्थिर होती, आणि जॉर्ज ओम यांना नेमके तेच हवे होते. त्या काळच्या बॅटऱ्या मोजमाप चालू असतानाच ढेपाळत. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सल्ल्यावरून ओम यांनी बिस्मथ-तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फाच्या. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे, तोवर तापमान जागचे हलत नाही. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तारा एकेक करून जोडल्या आणि सुईवरचा जोर मोजला. शाळेत सेल आणि बल्ब घेऊन शिकवला जाणारा ओमचा नियम १८२६ साली या मोजणीतून हाती आला.

१८३४ साली पॅरिसमध्ये पेल्टिए यांना याची उलट बाजू दिसली: सांध्यातून वीज सोडली तर तो एका दिशेने तापतो, दुसऱ्या दिशेने थंड पडतो. १८३८ साली लेन्झ यांनी बिस्मथ-अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून प्रवाह सुरू केला. थेंब गोठला. प्रवाहाची दिशा उलटी केली, तसा तो पुन्हा वितळला.