कोरा चहा गार झाला की गढूळ का होतो?

गाळणीतून ग्लासात उतरलेला कोरा चहा लालचुटुक आणि आरपार दिसतो. तोच फ्रिजमध्ये ठेवला की मातकट, गढूळ होतो. बरेच जण तो नासला समजून ओतून देतात. ओतण्याआधी थोडा गरम करून बघा, गढूळपणा जातो. म्हणजे प्रकरण नासण्याचं नाही, विरघळण्याचं आहे.

चहाची पानं काळी होताना त्यांतल्या पॉलिफिनॉल्सचं ऑक्सिडीकरण होतं आणि थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही द्रव्यं तयार होतात. कोऱ्या चहाचा रंग यांचा, तुरटपणाही बराचसा यांचाच. गरम पाण्यात ती कॅफिनबरोबर सुखाने विरघळून राहतात. पाणी निवू लागलं की कॅफिन आणि ती एकमेकांना चिकटतात, त्यांचे बारीक कण होतात आणि प्रकाश अडवतात. जड पाण्यातलं कॅल्शियम यात भरच घालतं. चहा चाखणारे जाणकार मात्र याला दोष मानत नाहीत. आसामचा चहा असा गढूळला तर तो कसदार, असं ते म्हणतात.

पण आपल्याला हवा आहे फळं घातलेला, काचेच्या जगमध्ये छान दिसणारा आइस्ड टी. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यासाठी चिमूटभर खायचा सोडा टाकतात. गढूळपणा कमी होतो खरा, पण चहा काळपट पडतो आणि सोडा जरा जास्त झाला की साबणासारखा लागतो. मी त्या वाटेला जाणार नाही. त्यापेक्षा लिटरभर गार पाण्यात आठ-दहा ग्रॅम चहा घालून झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. गार पाण्यात कॅफिन आणि तुरट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे गढूळ व्हायला मालच अपुरा पडतो. भांडं उन्हात ठेवून चहा करण्याची पद्धतही आहे, ती टाळावी. त्या कोमट पाण्यात जंतूंची चंगळ होते.

गवती चहाचं गणित वेगळं. त्याचा वास सिट्रालचा. हे तेलकट द्रव्य चिवट पात्यांतून गार पाण्यात नीट सुटत नाही आणि उघडं उकळलं तर वाफेबरोबर उडून जातं. म्हणून पाती बारीक कापून उकळत्या पाण्यात टाकावीत, गॅस बंद करून झाकण ठेवावं आणि निवल्यावर हे पाणी चहात मिसळावं. पुदिन्याला एवढा सोपस्कार नको, तळहातावर चुरगळून टाकला तरी पुरतो. पुदिन्यातला मेंथॉल तोंडातल्या टीआरपीएम८ या संवेदकाला चेतवतो. हाच संवेदक गारव्यालाही प्रतिसाद देतो, त्यामुळे बर्फ कमी असला तरी घोट गारेगार लागतो. या संवेदकाच्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना 2021 साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकांवरच्या कामासाठी.

लिंबू पिळताच चहा फिकट होतो. तो पातळ झालेला नसतो. आम्लात थिआरुबिजिनचा रंग उतरतो. सोड्याने काळपट होतो तो याच्या नेमकं उलट.

साखर गार चहात विरघळते, पण फार सावकाश, म्हणून पाक करून घालावा. थंडीत जिभेला गोडीही कमी जाणवते, तेव्हा पाक थोडा सढळ हाताने.

कैरीच्या फोडी किंवा अननस रात्रभर चहात राहिले तरी चालतं. संत्र्या-लिंबाच्या चकत्या मात्र वाढायच्या वेळीच टाकाव्यात, बिया काढून. बियांतून आणि सालीखालच्या पांढऱ्या भागातून हळूहळू कडवटपणा उतरतो, आणि तो कितीही पाक घातला तरी जात नाही.