नेमस्पेस

प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास लायब्ररीतले (इतरांना वापरता यावा म्हणून लिहून ठेवलेल्या कोडच्या संचातले) टाइप, म्हणजे क्लास (वस्तूचा साचा), इंटरफेस (क्लासने कोणती कामे करावीत याचा करार), इनम (ठरावीक मूल्यांची यादी) इत्यादी, विषयवार गटांत ठेवण्याची आणि प्रत्येकाला एकमेव पूर्ण नाव देण्याची सोय. शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात आहे, तसे गोव्यात फोंडा तालुक्यातही आहे. पत्त्यात तालुका लिहिला की घोटाळा मिटतो. नेमस्पेसमध्ये क्रम मात्र उलटा: व्यापक नाव आधी, नेमके शेवटी.

डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेत टायमर नावाचा क्लास सिस्टम.थ्रेडिंग, सिस्टम.टायमर्स आणि सिस्टम.विंडोज.फॉर्म्स या तिन्हींत आहे आणि तिघांचे काम वेगळे आहे. जावा या भाषेत हेच काम पॅकेज करते. सी++ च्या 1998 च्या प्रमाणकात नेमस्पेस आले, पीएचपीत 2009 साली, 5.3 या आवृत्तीत.

नावांची टक्कर टाळणे हा अर्धाच उपयोग. खरा कस रचनेत लागतो. हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावासाठी लायब्ररी लिहायची आहे असे धरू. किनारा.मासळी.लिलाव यात बोली, टोपली, खरेदीदार, किनारा.नौका यात होडी, तांडेल, परवाना. लिलावाची पावती बनवणाऱ्याने आपल्या कोडमध्ये एक नेमस्पेस आणली (आयात केली) की त्याला लागणारे सगळे हाताशी यावे. त्याऐवजी ‘इंटरफेसेस’, ‘इनम्स’ असे कप्पे केले, तर एका कामासाठी चार ठिकाणी शोधाशोध होते. ही मांडणी लिहिणाऱ्याच्या सोयीची, वापरणाऱ्याच्या नव्हे. कंपनीतल्या विभागांची नावे देऊ नयेत, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शनही सांगते, कारण विभाग बदलतात आणि नावे मागे उरतात. आतल्या नेमस्पेसने बाहेरच्या नेमस्पेसमधल्या टाइपांवर अवलंबून असावे, उलट नको: लिलावाला मासळी माहीत हवी, मासळीला लिलाव नाही.

नेमस्पेस आहे म्हणून टाइपाला ‘नोंद’ असे मोघम नाव देणे चूकच. एकाच फाइलीत दोन नेमस्पेस आणल्या की दोन ‘नोंद’ समोर येतात आणि ते नाव वापरताच कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणारा प्रोग्रॅम) अडतो. लिलावनोंद, नौकानोंद अशी नावे स्वतःच बोलतात.

नेमस्पेस म्हणजे डीएलएल फाइल (लायब्ररीचा तयार कोड ज्यात असतो ती फाइल) नव्हे. एकच नेमस्पेस अनेक फाइलींत पसरू शकते, आणि एका फाइलीत अनेक नेमस्पेस राहू शकतात.

लायब्ररी एकदा लोकांच्या हाती गेली की नेमस्पेस बदलणे फार महाग पडते. ट्रेडमार्कच्या हक्कांमुळे जकार्ता ईई या जावातल्या सर्व्हर-प्रोग्रॅमसाठीच्या संचाच्या 9 व्या आवृत्तीत (2020) त्यातली ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजेस ‘जकार्ता’ या नावाखाली न्यावी लागली. क्लास बहुतांशी तेच राहिले, तरी ते वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला नव्या आवृत्तीकडे जाताना आयातीच्या ओळी बदलाव्या लागल्या.