लोंबणारा पाऊस आणि पडणारा पाऊस

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये मी दोरीवरचे कपडे तीनदा धावतपळत काढले. तिन्ही वेळा थेंबही पडला नाही. ढगाखाली करडा पडदा दिसला की पाऊस आलाच, हे कोकणात वाढलेल्या माणसाचं गणित. वाळवंटात ते चुकतं.

इथे तो पडदा बऱ्याचदा व्हर्गा असतो, म्हणजे ढगातून सुटलेला पण वाटेतच विरलेला पाऊस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ डहाळी किंवा छडी. मला मात्र ढगाला जटा सुटल्यासारख्या वाटतात.

ओळखायचं कसं? मी गावाच्या उत्तरेच्या कॅटलिना डोंगराकडे बघतो. पडद्याच्या खालच्या टोकाशी कडे स्वच्छ दिसत असले तर व्हर्गा. डोंगरच पुसला गेला तर पाऊस. जटा खाली येताना विरळ होतात, वाऱ्याने वाकतात. पाऊस पायथ्यापर्यंत गडद राहतो. मोबाइलवरच्या रडारवर फार विसंबू नये. रडारचा किरण लांबवर जाता जाता जमिनीपासून बराच वर जातो. वरचे थेंब त्याला दिसतात, ते खाली पोचले की नाही हे कळत नाही.

सगळी गोम ढगाच्या तळात आहे. आषाढात आपल्याकडे ढग माडांवर टेकल्यासारखे असतात. इथे जूनमध्ये तळ तीन-तीन किलोमीटर वर असतो आणि खाली सगळी भट्टीतली हवा. थेंब टिकणार कसा? म्हणून इथले ढगवेडे ढगांइतकेच दवबिंदूकडे, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की दव धरते त्या आकड्याकडे, डोळे लावून असतात; तो जितका वर तितकी हवेत ओल जास्त. पूर्वी टूसॉनमध्ये सलग तीन दिवस सरासरी दवबिंदू ५४ अंश फॅरनहाइट (साधारण १२ सेल्सिअस) किंवा त्याहून वर राहिला की मान्सून लागला असं धरत. हो, इथेही मान्सूनच म्हणतात. २००८पासून मात्र सरळ १५ जून ते ३० सप्टेंबर अशा तारखाच ठरवून टाकल्या, आपल्या मृगासारख्या. मला जुनी रीत जास्त पटते.

व्हर्गा कोरडा असला तरी गरीब नव्हे. थेंब आटताना हवा गार होते, जड होते आणि खाली आदळते. मग कोरड्या अंगणात धुळीचा लोट येतो. पाऊस नाही आणि वीज मात्र पडते, हे तर सगळ्यात वाईट. ५ जून २०२० रोजी विजेनेच कॅटलिनात वणवा पेटला आणि सुमारे १,२०,००० एकर जळाले.

गंमत म्हणजे एकच पडदा दोन्ही असू शकतो. कॅटलिनातल्या माउंट लेमनचं शिखर २,७०० मीटरांच्या वर आहे, गाव ७०० मीटरांच्या आसपास. वर कुणी चिंब भिजत असतं तेव्हा खाली मी व्हर्गा म्हणून फोटो काढत असतो.

आता कपडे काढतो ते क्रिओसोटच्या झुडपांचा ओला वास आल्यावरच. तोही कधी कधी दुसऱ्याच गावच्या पावसाचा निघतो.